एका छपराखाली नको

मनाली आता फोनवर फक्त ‘हो’ म्हणते.

जेवलीस का? हो. थंडी आहे का तिकडे? हो. स्वेटर सापडला का? हो. गेल्या रविवारी मी मुद्दामच विचारलं, “तुमच्या ऑफिसात हत्ती आलाय म्हणे?” ती म्हणाली, “हो आई.” आणि जरा थांबून, “ठेवू का?”

तेव्हापासून तो हत्ती माझ्या उशाशी बसून आहे. ‘चंद्र उगवला’ म्हटलं तरी खिडकीशी जाऊन स्वतः पाहून यायची अशी माझी पोरगी. माझ्या भाजीतलं मीठ, तिच्या बाबांच्या स्कूटरची हवा, दुकानदाराचा हिशेब, कशालाही तिचा आधी ‘थांब, बघू दे’ असायचा. त्या पोरीने हत्तीलाही हो म्हणावं? ती ऐकतच नाही, हे मला कळलं. पण मग ती त्या वेळी असते कुठे, हे कळत नाही. राजकुमार, म्हणजे तिचे बाबा, म्हणतात, “नोकरीत रुळून राह्यली ती. तू नको काळजी करू.” आणि कूस बदलून झोपतात. मला झोप येत नाही, म्हणून हे लिहायला बसले आहे.

मनाली सात-आठ वर्षांची होती तेव्हाची गोष्ट. बुलढाण्यातलं आमचं हे घर तेव्हा नुकतंच बांधून झालं होतं. दाराला दोन चाव्या मिळाल्या. एक मी पर्समध्ये ठेवली, दुसरी टीव्हीच्या कपाटात. संध्याकाळी पाहते तर कपाटातली चावी गायब. शोधून शोधून दमले. शेवटी मनालीने सांगितलं, “मी मंजुळाबाईंकडे दिली.” मंजुळाबाई म्हणजे आमच्या शेजारीण. मी रागावले तर म्हणाली, “आई, कुलूप बाहेरून असतं. दुसरी चावी घरातच ठेवून काय उपयोग?”

तिचा सगळा स्वभाव त्या एका वाक्यात होता. पुढे तिने इथल्याच कॉलेजातून संगणकात बीएस्सी केलं. बरोबरच्या मुली पुण्याला गेल्या, ही म्हणाली, मी इथेच काम काढते. आणि काढलं. लहान लहान ऑफिसं, दवाखाने, कृषी केंद्रं, वकिलांच्या खोल्या, जिथे दोन संगणक आणि एक प्रिंटर असतो आणि वायरी पायात येतात, तिथे जाऊन ती वाय-फाय बसवून द्यायची. आणि ते बसवलं की लगेच विचारायची, “तुमचं सगळं काम याच डब्यात आहे ना? उद्या हा बंद पडला तर?” लोक हसायचे. मग ती त्यांना एक वेगळी हार्ड डिस्क घ्यायला लावायची, खिशात मावेल एवढी, आणि सगळ्याची दुसरी प्रत त्यात करायला शिकवायची. पाठीला सॅक, सॅकमध्ये केबलचं भेंडोळं, आणि स्कूटीवर ही. देऊळघाटपासून शेगावपर्यंत लोक तिला ‘वायफायवाली ताई’ म्हणू लागले. मला अभिमान वाटायचा आणि धास्तीही. रोज माझं एकच सांगणं, अंधाराच्या आत घाट चढून घरी ये. ती यायची.

गेल्या मे महिन्यात तिला पिंपळगाव राजाचं काम मिळालं. पुंजाजी तिथले जुने फोटोग्राफर. एकाच गाळ्यात पुढच्या खोलीत ऑनलाइन फॉर्म भरायचं ऑफिस, मागच्या खोलीत स्टुडिओ. पुढे पुंजाजी, मागे त्यांची बायको शालूबाई, कारण फोटो सजवायचं काम त्या करतात. दोन्ही खोल्यांत एकेक संगणक. एकातून दुसऱ्यात फोटो न्यायचा तर पेन ड्राइव्ह घेऊन उठायचं.

त्या दिवशीच्या गमती मनालीने घरी येऊन सांगितल्या होत्या. तेव्हा ती सांगायची. जेवताना हातवारे करून, आवाज काढून.

पुंजाजी राउटरकडे बघून म्हणाले, “पोरी, वायर नाई तं हे येते कुठून?”

“हवेतून येतं, काका.”

“मंग साऱ्या गावात फुकटच जात असन.”

“पासवर्ड टाकला की नाही जात.”

आतून शालूबाईंचा आवाज आला, “पासवर्ड माह्या मनाचा टाक व. यायले सांगू नको. हे आठवडी बाजारात वाटून येतीन.”

मागच्या खोलीत वाय-फाय पोचेना. मनालीने राउटर वर ठेवून पाहिला, खाली ठेवून पाहिला. मग तिच्या लक्षात आलं, मधल्या भिंतीला उभा माणूस मावेल एवढा आरसा होता. आरशाच्या मागच्या धातूच्या थराने ते अडत होतं. ती म्हणाली, “काका, आरसा सरकवावा लागेल.”

“आरसा? अव, फोटोच्या आंधी मानूस त्यात तोंड पाह्यते. आता काय बिनतोंडाचे फोटो काढू?”

शेवटी आरसा दुसऱ्या भिंतीला गेला आणि मागच्या संगणकातला फोटो पुढच्या प्रिंटरमधून बाहेर आला. पुंजाजींनी तो कागद उलटापालटा करून पाहिला. म्हणाले, “भुताटकी हाय बे ही.”

मग डिस्कचा विषय निघाला. पुंजाजींच्या संगणकात वीस वर्षांचे फोटो होते. गावातली लग्नं, बारशी, शाळेचे फॉर्म. आणि आणखी एक गोष्ट, जी मनालीला तिथे गेल्यावरच कळली. गावात कुणी म्हातारं माणूस गेलं की तेराव्याच्या आधी घरचे पुंजाजींकडे येतात. भिंतीवर लावायला फोटो पाहिजे असतो आणि घरात नसतो. पुंजाजी मग कुठल्यातरी लग्नाच्या घोळक्यातून तो चेहरा शोधून काढतात, मोठा करतात, मागची माणसं पुसतात, फ्रेम करून देतात. अर्ध्या गावाचे गेलेले लोक त्या एका संगणकात होते.

मनालीने इंटरनेटवर प्रत ठेवायचं सुचवलं. पुंजाजींना ते पटलं नाही. “लोकायच्या लेकीबाळीयचे फोटो. ते कुठी आभायात ठेवाचे?” मग डिस्कच घ्यायची ठरली. मनालीने नियम घालून दिला. संगणक दुकानात, डिस्क घरी. दोन्ही एका छपराखाली कधी नकोत. फक्त बाजाराच्या दिवशी संध्याकाळी शालूबाईंनी ती पिशवीतून आणायची, झाडझूड होईपर्यंत नवीन फोटो तिच्यात उतरतील, की पुन्हा घरी न्यायची. उंदीर, पाणी, वीज, चोर, काहीही येवो, एकच जाईल, दुसरी राहील. शालूबाईंनी ते इतकं मनावर घेतलं की डिस्क खणात गुंडाळून देवघरात ठेवली. तिला त्या ‘डबी’ म्हणायच्या.

पण ते नंतरचं. त्या दिवशी सगळं डिस्कमध्ये उतरून झालं तरी पुंजाजींचा विश्वास बसेना. “दाखव तरी,” म्हणाले. “एक फोटो पुसून परत आणून दाखव. तवा मानतो.”

दुकानात त्या वेळी तानाबाई बसल्या होत्या. रेशनच्या कामाला आल्या होत्या. शेतात खुरपून खुरपून अंगठा असा झिजलेला की मशीन ठसा घेत नव्हतं. पुंजाजी म्हणाले, “ह्या बाईच्याच पोराचा घे. दरवर्षी लागते तिले.” मनालीने गोकुळ नावाचा फोटो उघडला. चौथीतला मुलगा, स्कॉलरशिपच्या फॉर्मसाठी काढलेला. काही विचार न करता तिने तो पुसला. पडदा मोकळा झाला.

तानाबाई उभ्याच राहिल्या. “काय केलं व? काय केलं?”

मनालीने डिस्क जोडली, दोनदा बटण दाबलं, आणि गोकुळ पुन्हा पडद्यावर आला. तानाबाई पुढे आल्या आणि त्यांनी पडद्याला हात लावला. मग कुठे मनालीला कळलं. गोकुळ त्यांचा एकुलता एक. फॉर्म भरला त्याच पावसाळ्यात तो विहिरीत पडून गेला. दुसरा फोटो कुणी कधी काढलाच नव्हता. पुंजाजींचा स्वस्तातला प्रिंटर, तानाबाईंचं पश्चिमेला तोंड असलेलं घर. भिंतीवरचा फोटो वर्षभरात उन्हाने निळा पडायचा, चेहरा उडून जायचा. म्हणून दर वर्षी दिवाळी झाली की, त्याच्या वाढदिवसाला, त्या जुना फोटो घेऊन दुकानात यायच्या. नवा हातात पडला की मगच जुना नदीत सोडायच्या. हात रिकामा म्हणून कधी होऊ दिला नाही.

मनालीने त्यांना खुर्चीवर बसवलं आणि म्हणाली, “मावशी, आता गोकुळला काही होत नाही.”

हे वाक्य तिने मला मोठ्या आनंदाने सांगितलं होतं. त्या दिवशी तिला निघायला उशीर झाला, कारण तो फोटो छापील प्रतीवरून संगणकात घेतलेला होता आणि त्यावर ओलीचा एक डाग होता. तो काढत ती तासभर बसली. एकेक केस मोठा करून, गालावरचा डाग तेवढा पुसायचा आणि गाल ठेवायचा, असं काहीतरी. रात्री जेवताना म्हणाली, “आई, त्याच्या खिशाला पेन होतं, बिनटोपणाचं. खिशाला शाई लागलेली. ती मी नाही पुसली.”

पावसाळ्यात तानाबाईंच्या भिंतीला ओल आली. फोटोला बुरशी चढली. सर्वपित्रीला गल्लीतल्या बायका नदीवर निघाल्या, तेव्हा त्यांनी तोही नेला आणि सोडून दिला. नवा हातात नसताना. असं त्यांनी आजवर केलं नव्हतं. शेजारणीने टोकलं तर म्हणाल्या, “आता तं डबीत हाय तो. दिवाळी झाली का आणतो.”

आणि दिवाळी आली.

आमच्या घरी लक्ष्मीपूजन नसतं. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, आणि दिवाळीत आम्ही फार तर शेजारच्यांनी दिलेला फराळ खातो. दुकानात त्या दिवशी काय काय मांडतात, हे मनालीने कधी जवळून पाहिलेलं नाही. आधी लोक वह्या पुजायचे, आता संगणक पुजतात, एवढं ऐकून माहीत. शालूबाईंनी मागच्या खोलीत संगणकाच्या टेबलावर चौरंग मांडला. कीबोर्डला हळदकुंकू वाहिलं. मग त्यांना वाटलं, दुकानाचं खरं धन तर डबीत आहे, ती घरी एकटी कशी राहील? आजच्या दिवशी ती लक्ष्मीसमोरच हवी. देवघरातून आणून त्यांनी ती ताटात ठेवली, अक्षता टाकल्या, झेंडूचं फूल वाहिलं. समई त्या दिवशी विझवायची नसते. तिच्यात भरपूर तेल घातलं, शटर ओढलं आणि दोघं घरी गेले.

टेबलाच्या मागे स्टुडिओचा पडदा टांगलेला होता. बर्फाचे डोंगर आणि तळं रंगवलेला, ज्याच्यासमोर अर्ध्या गावाने फोटो काढून घेतले होते. सकाळी शटरखालून धूर येताना दूधवाल्याने पाहिला.

कुणाला इजा झाली नाही. लोक मला हेच सांगतात, आणि मीही मनालीला हेच सांगितलं होतं.

फोन आला तशी ती गेली. मीही बरोबर जाते म्हटलं, तर थांबली नाही. दुकानात काळं पाणी साचलं होतं. आरसा तडकला होता, दोन्ही संगणक जळले होते. तिने हातांनी उकरून ती डबी काढली. एका बाजूने वितळून ताटाला चिकटली होती. शालूबाई पायरीवर बसून कपाळ बडवत होत्या. “म्याच आणली व. पूजेले आणली. तू नको म्हणे, तरी आणली.”

तेवढ्यात तानाबाई आल्या. दुकान जळलं हे त्यांना कळलं होतं. पण त्या हळहळायला आल्या नव्हत्या. त्यांच्या हातात रिकामी फ्रेम होती, काच धुऊन पुसलेली. वाढदिवस दोन दिवसांवर होता. त्या मनालीजवळ आल्या आणि म्हणाल्या, “पोरी, संगणक जळला म्हन्तात. तुह्या डबीत तं हाय न तो?”

डबी मनालीच्या हातात होती.

ती काय म्हणाली, हे तिने मला सांगितलं नाही. एवढंच सांगितलं की तानाबाई रागावल्या नाहीत. पायरीवर शालूबाईंशेजारी बसल्या, पदराने फ्रेमची काच पुन्हा एकदा पुसली आणि उठून गेल्या. मनाली म्हणाली, “आई, त्यांनी मला दोन थोबाडीत मारायला हव्या होत्या.”

ती डिस्क घेऊन नागपूरला गेली. जळालेल्या डिस्कमधून काढून देणारे लोक असतात म्हणे. त्यांनी उघडून दाखवली. आत काढण्यासारखं काही उरलं नव्हतं. नवीन फोटो काही लोकांच्या मोबाइलमध्ये होते, ते परत आले. जुने, मोबाइलच्या आधीचे, गेले. मनालीने तानाबाईंच्या माहेरी जाऊन पाहिलं, शाळेत जाऊन जुनी कपाटं पाहिली. काही नव्हतं.

मी तिला म्हटलं, “तुझी काय चूक? तू नीट सांगितलं होतंस.”

ती भिंतीकडे बघत म्हणाली, “उंदीर सांगितले, पाणी सांगितलं, वीज सांगितली, चोर सांगितले. दिवाळी नाही सांगितली.”

“तुला कसं सुचणार? आपल्यात नसते ती पूजा.”

“लोकांच्यात असते ना. त्यांचंच ऑफिस होतं ते.”



महिन्याभरात तिने सॅक माळ्यावर टाकली आणि पुण्याला निघून गेली. एका कंपनीत रात्रपाळीत फोन उचलायचं काम. कुणाचा रिचार्ज झाला नाही, कुणाचं बिल जास्त आलं, ते ऐकून घ्यायचं. तिकडच्या मुली तिच्या बोलण्यातल्या इकडच्या हेलाला हसतात, म्हणून ती आता कमीच बोलते, असं सुरुवातीला म्हणाली होती. मला ते कारण खरं वाटत नाही. तिच्या खोलीत वाय-फाय बंद पडलं तर ती दुसऱ्याला बोलावते, हे तिच्या खोलीतल्या पूनमने मला सांगितलं. पूनमला त्यात काही विशेष वाटलं नाही.

आज संध्याकाळी शालूबाईंचा फोन आला. मनालीला त्यांनी पुष्कळदा लावून पाहिला होता. त्यांचं नाव दिसलं की ती उचलत नाही.

“ताई, दुकान पुन्हा उघडून राह्यलो आम्ही,” त्या म्हणाल्या. “नवा संगणक आनला. पण हे कोनाले हात लावू देत नाई. म्हन्तात, लावन तं तेच पोरगी लावन.”

मी म्हटलं, “सांगते तिला.” सांगणार नव्हते. तिची जखम उकरायची नाही, असं मी आणि राजकुमारनी ठरवलेलं आहे.

शालूबाई आवाज खाली आणून म्हणाल्या, “अन ताई, दुसरं असं, का तानाबाई रोज येऊन बसते दुकानात.”

“काही म्हणतात का?”

“मनालीचं विचारून राह्यली. मले म्हने, त्या पोरीनं गोकुळले लय जवळून पाह्यलं होतं. तिले विचारा, त्याचा भांग कोन्या अंगानं होता. डाव्या का उजव्या. मले आठवत नाई म्हने. रोज डोये मिटून पाह्यतो, एक दिवस इकडून दिसते, एक दिवस तिकडून.” शालूबाई रडत होत्या. “आमाले कुठी ध्यान असते व? यायनं हजारानं फोटो काढले. अन म्या तं तो छापून देल्ला का मोकळी.”

मी फोन ठेवला. स्वयंपाक केला. राजकुमारना काही बोलले नाही. बोलले असते तर ते म्हणाले असते, नको सांगू, पोरगी आधीच खचली आहे. आणि तेही खरंच आहे. ती नुसती आठवण निघाली तरी ताटावरून उठायची, मी पाहिलंय. तिकडे एकटी आहे, रात्रपाळी आहे, पाठीवरून हात फिरवायला मी नाही. हे ऐकून तिने काही वेडंवाकडं केलं तर? की नुसतंच ‘हो’ म्हणून ठेवून दिलं तर? मला खरी भीती या दुसऱ्याचीच जास्त वाटते.

पण इतक्या वेळात, हे लिहिता लिहिता, मला ती रात्र पुन्हा दिसली. मनाली जेवतेय, आणि खिशाच्या शाईबद्दल सांगतेय. पेन मलाही माहीत आहे, शाई मलाही माहीत आहे. ते मी उद्या सकाळी तानाबाईंना सांगू शकेन. भांग मला माहीत नाही. तो या जगात आता एकाच ठिकाणी आहे, पुण्यात, माझ्या पोरीच्या डोक्यात. ज्या पोरीने आयुष्यभर प्रत्येक गोष्टीची दुसरी प्रत करून ठेवली, तिच्याजवळच्या या गोष्टीची दुसरी प्रत नाही. आणि तिकडे एक आई रोज डोळे मिटून पाहतेय आणि तिचं पोर दिशा बदलतंय.

त्या बाईला मनालीकडून जळालेली डबी भरून नको आहे. तिचं मागणं एवढंसं आहे, आणि ते देणं मनालीला जमणार आहे. हे मी तिच्यापासून लपवू शकत नाही.

तिची चहाची सुट्टी आता होईल. पायऱ्यांवर एकटी बसते म्हणते, मोबाइल हातात असतो. शालूबाईंचं नाव दिसलं तर ती उचलत नाही, माझं दिसलं तर उचलते. एवढ्या रात्री आईचं नाव पाहून घाबरेल. म्हणून आधी म्हणेन, सगळे बरे आहोत. जेवलीस का, झोपलीस का, हे आज विचारणार नाही. सरळ विचारेन, “मनाली, गोकुळचा भांग कोणत्या बाजूला होता?”

आणि ती बोलेपर्यंत फोन ठेवणार नाही. लावते.